पेटीची चावी माझ्याकडे होती

गंगाधरराव, ही गोष्ट सांगायचं मी दहा वर्षं टाळलं. टाळायला कारणं भरपूर मिळत गेली. आधी नोकरी होती, मग आमच्या हिचं, शकुंतलाचं, आजारपण आलं, मग तुमचं. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. आता कारण उरलं नाही आणि ऐकणाराही उरला नाही. तरी बोलतो तुमच्याशीच. दुसऱ्या कुणाला सांगायला बसलो तर मी शब्द मऊ करीन, मध्येच स्वतःची बाजू घेईन. तुमच्यापुढे ते कधी जमत नसे.

तुमच्या सुनंदाने तुमच्या आठवणींची पुस्तिका काढायचं ठरवलं आहे. तेराव्याची पंगत उठल्यावर तिने मला बाजूला घेतलं. "अप्पाकाका, जन्म, शिक्षण, नोकरी ते सगळं मी लिहिते. तुम्ही बाबांचे जुने मित्र. तुमचं तुम्ही लिहा, दोन पानं." लेक तुमचीच, काम वाटून देताना समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवत नाही. ही ती पानं. दोनांपेक्षा जास्त होतील. तिने हवी तिथे कात्री लावावी, फक्त सलीमचा भाग कापू नये. तो वाचून तिला बाकीचं छापावंसं वाटलं नाही, तर तेही योग्यच होईल.

तुमची आठवण काढायची तर आधी तुमचं नाक आठवतं. कारखान्यात तुम्ही नवे होतात. कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसलात, पोळीचा तुकडा मोडून नाकाशी नेलात आणि डोळे मिटून घेतलेत. आचारीमामा तिथूनच ओरडले, "ओ केमिस्टसाहेब, जेवा की! हुंगून काय राहिलात, अत्तर हाय का ते?" तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "मामा, तेलाचा डबा बदला. बुडाला गंज धरलाय." मामांनी रागारागाने डबा उपडा केला. बुडाशी तांबडं वर्तुळ होतं. त्यानंतर नवा डबा फोडला की मामा आधी तुमच्याकडे घेऊन येत.

मी लिंगायत, तुम्ही नायगावकडच्या मराठा शेतकऱ्याच्या घरचे. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला "शरणार्थ, अप्पा" म्हणालात आणि मी गडबडीत "रामराम" म्हटलं. तेच पुढे कायम राहिलं. आमच्या घरचा नमस्कार तुमच्या तोंडी, तुमच्या घरचा माझ्या. लोक हसायचे. आपल्याला त्यात काही वेगळं वाटेनासं झालं होतं.

एकदा प्रयोगशाळेत तुम्ही मला तीन बाटल्यांसमोर उभं केलंत. मी पहिली बाटली हुंगली आणि लगेच म्हटलं, तेल. तुम्ही माझा दंड धरलात. "घाई करू नका अप्पा. पहिल्या श्वासाला नुसता भपका येतो. दुसऱ्याला नाक घाबरतं. खरा वास तिसऱ्या श्वासाला." मी तिसरा श्वास घेतला आणि तेलामागून काहीतरी आंबट, जुनाट आलं, पोत्यात भिजलेल्या पेंडीसारखं. मला इतका आनंद झाला की मी तिघाचौघांना बोलावून त्यांना हुंगायला लावलं. आजही सकाळी दूध तापवण्याआधी मी तीनदा हुंगतो. शकुंतला म्हणते, गंगाधरभावजींनी तुम्हाला मांजर करून ठेवलं. ही तुमची देणगी आहे. आणि हिच्याच जोरावर मी तुमचा घात केला.

आपली कंपनी मोठी होती. सोयाबीनचं तेल काढायचे तिचे कारखाने तीन-चार राज्यांत, मुख्य कार्यालय मुंबईत, आपला कारखाना लातूरजवळ. तुम्ही प्रयोगशाळेत, मी प्रशासनात. मोठ्या कंपन्यांनी नफ्यातला ठरावीक वाटा समाजाच्या कामाला लावावा असा कायदा आला. सगळे त्याला सीएसआर म्हणत. ते काम माझ्याकडे आलं. अप्पा इथलेच, ओळखीपाळखीचे, एवढीच माझी पात्रता. मी ते मनापासून केलं. शाळांना रंग दिला, शिलाई यंत्रं वाटली, डोळ्यांची शिबिरं घेतली. फोटोत मी नेहमी डावीकडे असे, हातात कात्रीचं ताट धरून.

कारखान्याच्या मागे ओढा आणि ओढ्यापलीकडे चाळीसेक उंबऱ्यांची वाडी. वाडीची विहीर ओढ्याच्या अगदी काठावर. त्या वर्षी विहिरीच्या पाण्यावर तवंग दिसू लागला. वाडीतल्या बायका घागरी घेऊन आपल्या फाटकावर आल्या. कंपनीने तातडीने ठराव केला, सीएसआरमधून वाडीला पाणी शुद्ध करायचं यंत्र द्यायचं. मी धावपळ करून पंधरा दिवसांत ते उभं केलं, वर कंपनीच्या नावाची पाटी लावली. तुम्ही ती पाटी बघायला आलात आणि पाटीकडे न बघता ओढ्याकडे गेलात. परत आलात तेव्हा चेहरा उतरला होता.

"अप्पा, आधी हिरीत घाण सोडायची, मग फिल्टर वाटायचा, आणि वर नारळ बी आपणच फोडायचा. लई भारी समाजसेवा हाय ही."

"अहो, पण आज त्यांना पाणी मिळालं की नाही?"

"मिळालं. आजचं मिळालं."

त्यावरून आपण सबंध दुपार भांडलो. माझं म्हणणं, तहानलेल्या माणसाला पाणी कुणाच्या हातचं आहे याच्याशी काय करायचंय? तुमचं म्हणणं, कंपनीची जबाबदारी फाटकाच्या आत सुरू होते, बाहेर नाही. सांडपाणी शुद्ध करायच्या टाकीत हवा सोडणारं यंत्र बंद पडलं होतं. ते दुरुस्त करायला कारखाना थांबवावा लागला असता, आणि भर हंगाम होता. म्हणून साहेबांच्या, म्हणजे आपल्या कारखान्याच्या प्रमुखांच्या, तोंडी हुकमावरून पाणी तसंच ओढ्यात जात होतं. तुम्ही त्यांना दोनदा भेटलात. दोन्ही वेळा त्यांनी तुम्हाला बसायला सांगितलं, चहा दिला आणि बघू म्हणाले.

त्याच सुमाराला मुंबईने सगळ्या कारखान्यांत नीतिमत्तेचा सप्ताह पाळला. गुळगुळीत कागदाची पुस्तिका आली, भिंतीला लावायचे फलक आले आणि कॅन्टीनच्या दाराशी एक कुलूपबंद पेटी बसली. कुणाला काही गैर दिसलं तर चिठ्ठी टाकावी, नाव लिहायची गरज नाही, कळलं तरी ते गुप्त राहील, असं मुंबईहून आलेल्या बाई सांगत होत्या. तुम्ही मागच्या रांगेतून उठलात.

"मॅडम, नाव गुप्त राहील हे झ्याक हाय. पण पेटीची चावी कुणाकडं?"

लोक हसले. बाईंनी कागद बघितला. "अप्पासाहेबांकडे."

"मग अप्पांनीच सांगावं."

सगळे माझ्याकडे वळले. मला चेव चढला असणार. मी शर्टाचं वरचं बटण काढलं, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घेतलं आणि म्हटलं, "ह्या लिंगाची आण आहे. कुणाचंही नाव माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही." टाळ्या पडल्या. बाईंना काय झालं ते नीट कळलं नाही, पण त्यांनीही टाळ्या वाजवल्या. तुम्ही नुसतं म्हणालात, "बस. आता कागदाची गरज न्हाई."

पेटीत पहिले काही दिवस फक्त कॅन्टीनच्या भाजीबद्दल चिठ्ठ्या आल्या. मग एका सोमवारी टाइप केलेलं दीड पान निघालं. टाकीचं यंत्र किती दिवस बंद आहे, पाणी कुठल्या वेळी सोडतात, विहिरीवर काय परिणाम झाला, सगळं क्रमाने. खाली नाव नव्हतं. मधल्या परिच्छेदात एक वाक्य होतं: ओढ्याच्या पाण्याला तिसऱ्या श्वासाला आंबलेल्या पेंडीचा वास येतो.

पुढे मी जे केलं ते आता जसंच्या तसं लिहितो.

नियम साधा होता. तक्रार कारखान्याच्या प्रमुखांविरुद्ध असेल तर पत्र कुणालाही न दाखवता थेट मुंबईला पाठवायचं. मी ते खिशात घालून आधी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मला वाटलं, घरातलं घरात मिटावं. मुंबईपुढे आपली शोभा कशाला? साहेबांना आधी कळलं तर ते यंत्र आजच दुरुस्त करतील, पत्राची गरजच उरणार नाही. एका कारखान्यात तीस वर्षं काढली की माणूस कंपनीलाच भाऊकी समजायला लागतो. भाऊकीत आपण असंच करतो, आधी थोरल्याच्या कानावर घालतो.

साहेबांनी पत्र वाचलं आणि हसून टेबलावर टाकलं. "युनियनवाल्यांचं काम आहे अप्पा. यांना पर्यावरणातलं काय कळतं?"

मला तो तुमचा अपमान वाटला. खरंच सांगतो. इतकं नेमकं, इतकं नितळ लिहिलेलं पत्र, आणि हा माणूस ते कुणाच्याही नावावर टाकतो? मी हसत हसत म्हटलं, "छे, साहेब! युनियनवाल्यांना तिसरा श्वास कुठला माहीत? हे आपल्या गंगाधररावांचं नाक आहे." मित्राला आपण किती ओळखतो याची ऐट होती त्यात. कौतुक होतं. मी अगदी कौतुकाने तुमचं नाव सांगितलं, गंगाधरराव.

साहेबांनी चष्मा काढला. हसणं थांबलं. "नक्की?"

त्या वेळी मला सांभाळून घेता आलं असतं. गंमत केली साहेब, माझा अंदाज, मला काय कळतंय, यातलं काहीही चाललं असतं. समोर बिस्किटांची बशी होती. मी एक बिस्किट उचललं आणि म्हटलं, "नक्की."

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की माझ्या तोंडून निसटलं. पहिलं वाक्य निसटलं, ते खरं. दुसऱ्या वेळचा शब्द निसटला नाही. साहेबांचा चेहरा मी पाहिला होता आणि आता काय होणार ते मला कळलं होतं. निवृत्तीनंतरच्या माझ्या मुदतवाढीचा कागद त्याच आठवड्यात त्यांच्या सहीला होता, हेही मला ठाऊक होतं. त्या एका शब्दात त्या कागदाचा हात किती होता ते मला आजही सांगता येत नाही. अजिबात नव्हता, असं मात्र मी लिहिणार नाही.

दोन आठवड्यांत तुमची बदली झाली. देगलूरला, कंपनीच्या सोयाबीन खरेदीच्या गोदामावर, जिथे प्रयोगशाळा नव्हती, एक काटा होता आणि धान्यातला ओलावा मोजायचं एक छोटं यंत्र. मला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली.

निघायच्या दिवशी आपण लातूरच्या बसस्टँडबाहेर चहा घेतला. तुम्ही इकडेतिकडे बघून म्हणालात, "अप्पा, ते पत्र माझं होतं."

"तुमचं?" मी म्हटलं. मी चकित झाल्याचं दाखवलं. बशीत चहासुद्धा सांडला.

"मी सांगितलं, सलीमनं टाइप केलं. तिसऱ्या माणसाला ठाऊक न्हाई. मी, सलीम आणि वरचा. वरचा काही साहेबाकडं जाऊन सांगत न्हाई." सलीम म्हणजे आपल्या टाइम ऑफिसातला, हजेरी ठेवणारा कारकून. कारखान्यात मराठी टायपिंग नीट येणारा तो एकटाच होता. "सलीमच बोलला असणार. नोकरीची भीती दाखवली असंल."

तुम्ही माझ्याकडे बघत होतात. तुमच्या मनात माझ्याबद्दल शंकेचा कणही नव्हता, कारण मी लिंगाची आण घेतली होती.

"असंल," मी म्हटलं.

सलीमने बिचाऱ्याने कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. तुम्ही कधी त्याची बदनामी केली नाहीत, तो तुमचा स्वभाव नव्हता. पण तुम्ही त्याच्याशी बोलणं बंद केलंत. त्याच्या बहिणीच्या लग्नाला गेला नाहीत. एवढ्यावर कारखान्याने काय समजायचं ते समजून घेतलं. त्याच्या मागे लोक त्याला साहेबांचा कान म्हणू लागले. आणि हेही लिहितो, त्याचं नाव सलीम होतं म्हणून कुणाला दुसरा पुरावा लागला नाही. तो एकदा माझ्याकडे आला होता. "अप्पा, गंगाधरसाहब मेरे से बात नै करते. आप जरा पूछो ना, मेरी क्या गलती हुई?" मी म्हटलं, विचारतो. दोन वर्षांनी त्याने नोकरी सोडली.

तुमचं पत्र मात्र वाया गेलं नाही. साहेबांना दाखवून झाल्यावर मी ते मुंबईला पाठवलं होतं, कारण पेटीच्या वहीत त्याची नोंद झालेली होती. चौकशीला दोन माणसं आली. तुम्ही नव्हतात, पण रोजच्या नोंदीची तुमची वही प्रयोगशाळेच्या कपाटात होती, तारीखवार, वेळेसकट. कारखाना आठ दिवस थांबला आणि यंत्र दुरुस्त झालं. साहेबांना गुजरातेत पाठवलं, बढतीवर. पुढच्या वर्षी वाडीला पाणी दिल्याबद्दल कंपनीने माझा सत्कार केला, शाल, श्रीफळ, फोटो. तुम्ही त्यासाठी देगलूरहून तीन बस बदलून आलात आणि शेवटच्या रांगेत उभं राहून टाळ्या वाजवल्यात. मी व्यासपीठावरून ते बघितलं. ती शाल मी एकदाही अंगावर घेतलेली नाही.

देगलूरला मी तुम्हाला भेटायला आलो तेव्हा वाटलं होतं, माणूस खचलेला दिसेल. तुम्ही गोदामाच्या दारात टेबल टाकून बसला होतात. ओलावा मोजायच्या यंत्राचं तोंड पूर्वी खरेदीदाराकडे असे, आकडा फक्त त्यालाच दिसे. तुम्ही ते फिरवून शेतकऱ्याकडे केलं होतं. सीमेपलीकडून आलेला एक शेतकरी मान पुढे करून किती म्हणून विचारत होता, "एंत?" तुम्ही यंत्रावर बोट ठेवून म्हणालात, "पन्नेंडु. बारा. तुम्हीच बघा." मला म्हणालात, "तेलुगूतले आकडे शिकून राहिलो अप्पा. वीसपर्यंत आले. वीसच्या पुढं ओलावा गेला तर तसाही माल परत जातो." तुमच्या गोदामावर भांडणं थांबली, माल वाढला. दोन वर्षांनी कंपनीने सगळ्या गोदामांवर यंत्रं फिरवायचा हुकूम काढला आणि नीतिमत्तेच्या पुस्तिकेत त्या टेबलाचा फोटो छापला. खाली ‘आमचे एक कर्मचारी’ एवढंच.

तुम्ही ती पुस्तिका मला दाखवून इतके हसलात की ठसका लागला. "बघा अप्पा! ह्या खेपेला कंपनीनं माझं नाव गुप्त ठेवलं!"

मीही हसलो. त्या हसण्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

मग शकुंतलाचं ऑपरेशन. तिच्या माहेरची माणसं नांदेडला, म्हणून तिला तिथेच ठेवलं होतं. तुम्ही तेव्हा निवृत्त होऊन नायगावला राहत होतात. सोळा दिवस, एकही दिवस न चुकता, सकाळच्या गाडीने तुम्ही डबा घेऊन यायचात. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि शकुंतलासाठी वेगळं पातळ वरण. आल्याबरोबर दवाखान्याची खोली हुंगायचात आणि नर्सला सांगायचात, फिनेल पातळ करून राहिलेत हे लोक. एका दुपारी तुम्ही गेल्यावर मला राहवलं नाही. मी शकुंतलाला सगळं सांगितलं.

ती उशीवरून उठायला पाहू लागली. "माणूस रोज डबा आणून राहिला आणि तुम्ही खाऊन राहिलात? घशाखाली उतरते कशी भाकरी तुमच्या?"

"सांगणार आहे मी त्यांना."

"कवा? त्यांच्या तेराव्याला?"

तिने ते रागाच्या भरात म्हटलं होतं. तेराव्याहून आल्यापासून ती माझ्याशी फारसं बोललेली नाही. मात्र आज सकाळी तिनेच टेबलावर कोरे कागद आणून ठेवले.

आणि तरीही, गंगाधरराव, हे लिहिताना दुःखापेक्षा दुसरंच काहीतरी वर येतंय. मला आयुष्यात एक असा माणूस मिळाला की जो दुसऱ्याच्या विहिरीसाठी स्वतःची खुर्ची गमावून बसला आणि तिकडे जाऊन तेलुगू आकडे शिकला. मागच्या महिन्यात मी वाडीला जाऊन आलो. माझं शुद्ध पाण्याचं यंत्र केव्हाच बंद पडलंय, खोलीला कुलूप आहे, पाटीवरचं कंपनीचं नाव तेवढं चकचकीत आहे. विहीर चालू आहे. एका म्हातारीने मला पोहऱ्यातून पाणी दिलं. मी तीनदा हुंगलं. ती म्हणाली, "काय बघता बाबा, गोड हाय." त्या दुपारच्या भांडणात तुमचं बरोबर होतं. एवढं एक सांगायला तरी मी घाईने यायला हवं होतं.

आलो होतो मी, तुम्ही जायच्या तीन आठवडे आधी. तुम्ही ओसरीत बाजेवर होतात. आवाज खोल गेला होता, पण "शरणार्थ, अप्पा" नीट म्हणालात. मी "रामराम" म्हटलं आणि बाजेच्या कडेला बसलो. त्या दिवशी बोलायचंच, असं ठरवून आलो होतो. तुम्हीच माझा हात धरलात.

"एक काम करा अप्पा. लई दिवस मनात हाय. औशाला सलीमचं दुकान हाय म्हणतात. त्याला भेटा. म्हणावं, गंगाधरनं राग सोडला. लेकराबाळांचा माणूस, साहेबानं दम दिला असंल, बोलून गेला असंल. माफ केलं म्हणून सांगा."

आयुष्यात एकाच माणसावर तुम्ही राग धरला होता, आणि तोही सोडून मोकळं व्हायचं होतं तुम्हाला. सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, "सांगतो."

मी तेव्हा सलीमकडे गेलो नाही. जे त्याने केलंच नाही त्याची माफी त्याला कोणत्या तोंडाने नेऊन देऊ? तुम्ही गेल्यावर, चौथ्या दिवशी, गेलो. औशाच्या बसस्टँडसमोर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे त्याचं. केस पांढरे झालेत. मला बघून म्हणाला, "मैयत को मैं आया था अप्पा. पीछे खडा था. बेटी को सलाम किया, उसने मुंह फेर लिया." मी स्टुलावर बसलो आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं, पेटी, केबिन, बिस्किट, बसस्टँडवरचा माझा शब्द, आणि तुमची माफी. तो ऐकत होता आणि एका बाईच्या कागदांच्या प्रती काढत होता. ती गेल्यावर त्याने यंत्र बंद केलं.

"मैं नै बोला, ये तो मेरे को दस साल से मालूम है. आज आके मेरे को नया क्या बताए आप?" आवाज चढलेला नव्हता. "मालूम उनको होना था, अप्पा. अब बेटी को तो बोलो."

त्याने मला चहा विचारला नाही. बरं केलं.

सुनंदा, तुला हे असं कागदावर वाचावं लागतंय. तुझ्या डोळ्यासमोर बसून सांगायची हिंमत मला तेराव्यालाही झाली नाही. तुझ्या बाबांची माफी सलीमने घेतली नाही, कारण तिच्याशी त्याचा काही संबंधच नव्हता. ती माझ्यापाशी तशीच आहे, आणि ती माझ्या नावाने दिलेली नाही, म्हणून मलाही ठेवून घेता येत नाही. तू औशाला जाऊन त्याचा सलाम घे. माझ्याशी बोलायचं की नाही ते नंतर ठरव.

गंगाधरराव, त्या शेवटच्या भेटीला लातूरहून तुमच्याकडे येताना, लोहा मागे पडल्यापासून, मी गाडीत एकच वाक्य ओठातल्या ओठात घोकत होतो. शेजारच्या बाईने विचारलंसुद्धा, "जप करून राहिलात का बाबा?" मी हो म्हटलं. जप नव्हता. एवढंच होतं: गंगाधरराव, सलीमने नाही, तुमचं नाव मी सांगितलं. मला माफ करा.